शेंग आहे, गाठ नाही: खान्देशातल्या एका बांधावरच्या तरवडाचं प्रकरण

साक्री-शिंदखेड्याच्या बाजूला काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात. जमिनीच्या भेगांतून वर चढता चढता थिजलेल्या लाव्हाच्या या भिंती. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. त्यांच्या पायथ्याची जमीन म्हणजे वर वीतभर माती, खाली मुरूम, आणि मध्ये कुठे कुठे चुनखडीचा थर. पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मोठे खंड पाडत येणारा. अशा ठिकाणी बांधावर आपणहून काय टिकतं, तर तरवड. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, मे महिन्यातही तो हिरवा राहतो आणि तोडला की बुडातून पुन्हा फुटतो.

पुढचं प्रकरण याच पट्ट्यातल्या बाजरीच्या एका शेताचं आहे. अशी शेतं अनेक आहेत. चूक नेमकी कुठे होते ते दिसावं म्हणून त्यांची परिस्थिती इथे एका शेतात एकत्र बांधली आहे, आणि हिशेब सोपा जावा म्हणून शेत एक एकराचं धरलं आहे.

काय ठरलं आणि काय झालं

शेताच्या दोन बांधांवर, मिळून १२० मीटर लांबीत, तरवडाची दाट ओळ होती. काही झुडपं जुनी, काही मुद्दाम बी टोकून वाढवलेली. त्यामागचा विचार सरळ होता. तरवडाला चपट्या शेंगा येतात, म्हणजे तो शेंगवर्गीय. शेंगवर्गीय झाडं हवेतलं नत्र धरतात. तेव्हा त्याचा पाला कापून बाजरीत गाडला की युरियाची गरज संपेल. अहिराणीत सांगायचं तर, शेंग शे म्हणजे खत शे.

पहिल्या वर्षी युरिया बंद केला, पाला गाडला आणि बाजरी बरी आली. इथेच सगळ्यांची खात्री पटली. पण त्याआधीच्या हंगामात त्या शेतात मूग होता आणि उन्हाळ्यात दोन गाड्या शेणखतही पडलं होतं. पहिल्या वर्षीची बाजरी त्या शिलकीवर वाढली. श्रेय मात्र तरवडाला मिळालं.

दुसऱ्या वर्षी पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी पीक फिकं पडलं. खालची, जुनी पानं टोकाकडून पिवळी होऊ लागली आणि पिवळेपणा मधल्या शिरेच्या बाजूने उलट्या त्रिकोणासारखा आत सरकला. फुटवे कमी, कणसं आखूड. चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता पडूनही पीक पिवळं होतं, म्हणून हा फरक लक्षात ठेवायला हवा. लोह कमी पडलं तर आधी पोंग्यातली नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं जातात, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. इथे जुनी पानं जात होती.

तिसऱ्या वर्षी उपाय म्हणून रायझोबियमची, म्हणजे शेंगवर्गीयांच्या मुळावर गाठ करून तिच्यात हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूची, पाकिटं आणून त्यांची रबडी तरवडाच्या बुडाशी ओतली. काहीच फरक पडला नाही. तो पडणारच नव्हता.

मुळं उकरून पाहणं

तरवडाच्या मुळावर अशी गाठ येते का, याचा निकाल दोन-तीन तासांत लागण्यासारखा होता, पहिल्याच वर्षी. त्यासाठी टिकाव, खुरपं, दोन बादल्या पाणी आणि एक ब्लेड लागतं. कसं पाहायचं ते नीट सांगणं गरजेचं आहे, कारण मुळं चुकीच्या पद्धतीने पाहून निघालेले निष्कर्ष फार फिरतात.

वेळ महत्त्वाची. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य, सलग पाऊस होऊन जमीन ओली असताना पाहावं. उन्हाळ्यात बाभळीच्या मुळावरसुद्धा गाठी सापडणं कठीण असतं, कारण माती सुकली की झाड गाठी सोडून देतं. मे महिन्यात उकरून ‘गाठ नाही’ म्हटलं तर तो कशाचाच पुरावा होत नाही.

झुडूप उपटू नये. उपटताना बारीक मुळं तुटतात आणि गाठी त्याच बारीक मुळांवर असतात. बुंध्यापासून वीतभर अंतरावर खोदायला सुरुवात करावी, फूटभर खोल जावं आणि मुळांसकट मातीचं ढेकूळ अख्खं उचलून बादलीत ठेवावं. पंधरा-वीस मिनिटांत माती आपोआप सुटते. मग दुसऱ्या बादलीत मुळं हलक्या हाताने हलवून धुवावीत आणि तळाशी काय पडलं तेही गाळून पाहावं. मोठ्या झुडपाची जाड मुळं पाहण्यात अर्थ नाही. सुतळीपेक्षा बारीक मुळं शोधावीत. शक्य असेल तर त्याच झाडाखालचं एक-दोन वर्षांचं रोप खोदावं, तिथे सगळं स्पष्ट दिसतं.

गाठ सापडली तर दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, ती खरंच नत्राची गाठ आहे का. सूत्रकृमीमुळेही मुळावर गाठी होतात. पण तिथे मूळच फुगलेलं असतं, गाठ वेगळी निघत नाही. नत्राची गाठ मुळाला कडेने चिकटलेली असते आणि नखाने हलकेच ढकलली की सुटते. दुसरी गोष्ट, ती काम करते आहे का. ब्लेडने आडवी कापायची. आत गुलाबी किंवा लालसर रंग असेल तर ती चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातल्या प्रथिनाचा. नत्र धरणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की निकामी होतं, पण जिवाणूला श्वास घ्यायला ऑक्सिजन तर हवाच. हे प्रथिन त्याला मोजून मापून ऑक्सिजन पुरवतं. आतून पांढरी गाठ म्हणजे जिवाणू शिरला पण काम करत नाही, किंवा अजून सुरू झालेलं नाही. हिरवट-तपकिरी गाठ म्हणजे काम संपलेलं.

शेवटची अट तुलनेची. ज्याला गाठी येतात हे नक्की माहीत आहे असं झाड त्याच बांधावर, त्याच दिवशी खोदून पाहायचं. या बांधावर बाभळीचं वर्षभराचं रोप होतं आणि कडेला चवळीचा वेल. दोन्हींच्या मुळांवर गाठी होत्या, चवळीच्या कापल्यावर आतून लालसर. म्हणजे मातीत जिवाणू होते, ओल होती, हंगाम बरोबर होता. तरवडाची चार रोपं आणि दोन जुनी झुडपं पाहिली. मुळं निरोगी, काळपट, भरपूर तंतूंची. गाठ एकही नाही.

तरवडाला गाठ का नाही

तरवडाचं शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकांत तो कॅशिया ऑरिक्युलाटा या नावाने सापडतो. ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे कान असलेली. पानाच्या देठापाशी दोन मोठी, कानाच्या पाळीसारखी उपपर्णं असतात, त्यावरून हे नाव पडलं. पान संयुक्त, पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक उभी ग्रंथी. फूल सोनेरी पिवळं, पाच सुट्या पाकळ्यांचं. पुंकेसर दहा, त्यांतले वरचे तीन वांझ. उरलेल्यांचे परागकोश उभे चिरत नाहीत, टोकाच्या छिद्रातून पराग सोडतात. भुंगा फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ सांडावं तसे पराग बाहेर पडतात. मध मिळत नाही, मजुरी परागातच. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, आत बिया आडव्या ओळीत.

या सगळ्यांत कामाचं लक्षण फुलात आहे. शेंगवर्गीय कुलातल्या, म्हणजे फॅबेसीतल्या, तुरीचं किंवा पळसाचं फूल फुलपाखरासारखं असतं: एक मोठी पताका, दोन पंख आणि खाली नावेसारख्या जुळलेल्या दोन पाकळ्या. कळीत ही पताका सर्वांत बाहेर असते, बाकीच्यांना गुंडाळून. तरवडाच्या कळीत उलट आहे. वरची पाकळी सर्वांत आत. न उमललेली कळी सुईने सोडवून पाहिली की कळतं. बाभूळ, सुबाभूळ, शमी यांची फुलं तिसऱ्याच तऱ्हेची, बारीक फुलांचे गोंडे किंवा तुरे.

बांधावर उभं राहून अंदाज बांधायचा असेल तर हे तीन साचे पुरेसे आहेत. फुलपाखरू फुलाच्या झाडाला बहुधा गाठी येतात. गोंड्याच्या फुलाच्या झाडालाही बहुधा येतात. पाच पाकळ्या मोकळ्या पसरलेल्या असतील तर बहुधा येत नाहीत. ‘बहुधा’ हा शब्द सोडू नये, पण खान्देशात रोज दिसणाऱ्या झाडांपुरता हा अंदाज चांगलाच चालतो. बहावा, गुलमोहर, शंकासुर, टाकळा, तरवड या सगळ्यांना शेंगा आहेत आणि गाठी नाहीत. दसऱ्याला सोनं म्हणून लुटतात तो आपटा आणि कांचन हे या कुलाच्या आणखी एका जुन्या फांदीवरचे, गाठी नाहीत. चिंच अजून वेगळ्या फांदीवरची, तिलाही नाहीत.

हे कुल मोठं आहे. सुमारे १९,५०० जाती; फुलझाडांत सूर्यफुलाचं आणि ऑर्किडचं कुल सोडलं तर तिसरा क्रमांक. पूर्वी फुलाच्या आकारावरून त्याचे तीन गट करत. २०१७ मध्ये जगभरच्या शेंगवर्गीय अभ्यासकांनी डीएनएच्या आधारे सहा उपकुलं मांडली. त्या मांडणीत बाभूळ आणि तरवड एकाच उपकुलात येतात, आणि तरी एकाला गाठ आहे, दुसऱ्याला नाही. आपटा, कांचन, चिंच यांच्या उपकुलांत तर गाठी नाहीतच. म्हणजे शेंग ही अख्ख्या कुलाची खूण आहे. गाठ ही कुलातल्या काही फांद्यांचीच.

कुलाचं वय पाहिलं की हे कोडं जरा उलगडतं. शेंगवर्गीयांचे सर्वांत जुने खात्रीचे जीवाश्म सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लगतचे आहेत. दख्खनचा लाव्हा उसळला तोही ६.६ कोटी वर्षांच्या आगेमागे. ज्या काळात या शेताच्या मागची काळी भिंत वितळलेल्या दगडाच्या रूपात वर चढत होती, साधारण त्याच काळाच्या जवळपास शेंगवर्गीयांच्या मुख्य फांद्या एकमेकींपासून वेगळ्या होत होत्या. तरवड आणि तूर यांच्यात इतकं अंतर आहे.

गाठ मुळात कशी आली याचा धागा शेंगवर्गीयांच्या बाहेर जातो. मुळावर गाठ करून नत्र धरणारी सगळी झाडं फुलझाडांच्या चार जवळच्या गणांतच (गण म्हणजे कुलांचा गट) सापडतात, हे १९९५ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून दिसलं. त्यांत शेंगवर्गीय आहेत, सुरूचं झाड आहे, आणि आंबगुळाचं कुल, म्हणजे एलिअ‍ॅग्नेसी, हेही आहे. सुरू आणि आंबगूळ यांच्या गाठीत रायझोबियम नसतो. तिथे फ्रँकिया नावाचा तंतुमय जिवाणू असतो. सह्याद्रीतला आंबगूळ आणि लडाखमधलं सीबकथॉर्न याच कुलातले. पानाच्या पाठीवर चंदेरी खवले ही त्यांची खूण. या छोट्या कुलात तीनच प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) आहेत आणि तिन्हींना गाठी येतात. तिथे ‘कुल ओळखलं की गाठ ओळखली’ हा नियम चालतो. शेंगवर्गीयांत तोच नियम लावला की तरवडासारखा घोटाळा होतो. बोरीच्या कुलात तर तिसरीच तऱ्हा. अमेरिकेतल्या सिआनोथस या झुडपाला गाठी येतात आणि आपली बोर त्याच कुलातली असून गाठींविना जगते.

इतक्या विखुरलेल्या फांद्यांवर गाठ कशी, याची दोन उत्तरं दिली जातात. एक असं, की पूर्वजात ती एकदाच आली आणि पुढे अनेक फांद्यांनी सोडून दिली. दुसरं असं, की पूर्वजात फक्त तयारी झाली आणि गाठ पुढे अनेकदा वेगवेगळी उगवली. २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी अनेक झाडांचे जनुकसंच ताडून पाहिले. गाठ नसलेल्या अनेक नातलगांमध्ये गाठीसाठी लागणारं ‘निन’ नावाचं जनुक मोडकं किंवा गायब आढळलं. सोडून दिल्याच्या बाजूने हा मोठा पुरावा आहे. वाद मात्र मिटलेला नाही, आणि तरवडाच्या पूर्वजांना गाठ होती आणि ती गेली की कधी नव्हतीच, हे आम्ही इथे ठरवून टाकत नाही. शेतासाठी फरक पडत नाही; आज ती नाही.

एवढी कामाची सोय कोणी सोडेल का, असा प्रश्न येतो. ही सोय फार महाग आहे. हवेतल्या नायट्रोजनचा एक रेणू फोडायला जिवाणूला ऊर्जेचे किमान १६ एटीपी रेणू लागतात, आणि त्यासाठीची सगळी साखर झाडाने पानात बनवून खाली पाठवायची असते. मातीत थोडं नत्र असेल, सावली असेल, दुष्काळ लांबला असेल, तर हा खर्च परवडत नाही. शेतातही तेच दिसतं. भरपूर युरिया टाकलेल्या भुईमुगाला गाठी कमी येतात, कारण झाड स्वतःच हात आखडतं.

नात्यातली सर्वांत बोलकी जोडी तरवडाच्या पायाशीच मिळते. चामेक्रिस्टा ही प्रजाती पूर्वी तरवडासोबत कॅशियातच धरली जायची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सेना, चामेक्रिस्टा आणि कॅशिया अशी फोड झाली. चामेक्रिस्टा प्युमिला ही जमिनीलगत पसरणारी, लाजाळूसारख्या पानांची, बारीक पिवळ्या फुलांची वनस्पती कोरड्या माळावर पावसाळ्यात उगवते. थरच्या वाळवंटातही तिच्या मुळांवर गाठी नोंदल्या गेल्या आहेत. ओळखायची तर शेंग पाहावी. चामेक्रिस्टाची शेंग वाळली की चटकन तडकून पीळ घेते. तरवडाची नुसती कागदासारखी सळसळते. मोकळ्या पाच पाकळ्यांच्या साच्याला असलेला हा अपवाद.

मग रायझोबियम ओतून काही होईना ते का

कारण दार आतून उघडावं लागतं. मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं, योग्य जिवाणू त्यांना रासायनिक खुणेने उत्तर देतो, ती खूण मुळाच्या केसाने ओळखली की केस वळतो, जिवाणूला आत घेऊन जाणारा धागा तयार होतो आणि आतल्या पेशी विभागून गाठ उभी राहते. ही साखळी झाडाकडे नसेल तर बाहेर जिवाणूंचा पूर ओतला तरी ते मातीतच राहतात. पाकिटाचा दर्जा, गुळाचं प्रमाण, वेळ यांत चूक शोधण्यात तिसरं वर्ष गेलं. चूक त्यांत नव्हती.

पाला हिरवागार, मग नत्र कुठून

इथे शेतकऱ्याचा आक्षेप रास्त असतो. तरवडाचा पाला गाडला की तो लवकर कुजतो, पिकाला थोडी उठावणीही येते. मग नत्र नाही कसं म्हणता?

नत्र आहेच. शेंगवर्गीय कुलाची सवयच भरपूर नत्राच्या पानांची आहे, मग गाठी असोत वा नसोत. हिरव्या पाल्याच्या खतांचे जे तक्ते कृषी विद्यापीठं देतात, त्यांत गाठी असलेल्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) आणि गाठी नसलेल्या गुलमोहराच्या वाळल्या पाल्यातलं नत्र जवळजवळ सारखं, सुमारे पावणेतीन टक्के, दिलेलं असतं. १९९४ मध्ये मॅकी या अभ्यासकाने तर असं मांडलं, की जास्त नत्र लागणारी राहणी या कुलात आधीची आहे आणि गाठ ही ती भूक भागवण्याच्या अनेक वाटांपैकी एक. पाल्यातलं नत्र मोजून गाठ सिद्ध होत नाही. ते नत्र हवेतलं की मातीतलं, हा खरा प्रश्न.

तरवड ते मातीतून घेतो. बांधाच्या खालच्या मुरमातून, आणि मुळं शेतात शिरली असतील तर थेट बाजरीच्या ताटातून. त्याचा पाला शेतात टाकणं म्हणजे बांधावरचं नत्र शेतात हलवणं. पडीक माळावरचा तरवड कापून आणला तर शेताला थोडा नफा आहे, माळाला तोटा. स्वतःच्या बांधावरचा कापला तर डाव्या खिशातलं उजव्या खिशात.

आकडेही पाहू. १२० मीटर ओळीतून हंगामात ४०० किलो ओला पाला निघाला असं धरू. वाळून तो साधारण १२० किलो. त्यात अडीच टक्के धरलं तर नत्र ३ किलो. पहिल्या हंगामात त्यातलं निम्मं पिकाला मिळालं तरी बरं. हलक्या जमिनीतल्या बाजरीला हेक्टरी ४० किलो, म्हणजे एकरी १६ किलो नत्र लागतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे साधारण ३५ किलो युरिया. १६ किलोच्या जागी दीड किलो मिळालं आणि पीक पिवळं पडलं. यात गूढ काही नाही.

त्यात भर म्हणून पाला फुलोऱ्यानंतर, जून काड्यांसकट गाडला जात होता. पेन्सिलीपेक्षा जाड काडी कुजताना मातीतलं उपलब्ध नत्र जिवाणूच वापरतात आणि काही आठवडे पिकाचंच नत्र अडकतं. फुलापूर्वीचा कोवळा पाला, काड्या झटकून, कापल्यावर एक-दोन दिवसांत मातीआड करायचा. बांधावर वाळत पडलेल्या पाल्याचा उपयोग घटतो.

शेतात काय बदललं

तरवड काढला नाही. मुरमाड बांधाची धूप तो फार चांगली अडवतो, चराई सोसतो, आणि त्याला पर्याय शोधणं सोपं नाही. उताराच्या वरच्या बांधावर तो तसाच ठेवला. फक्त शेताकडची मुळं तोडण्यासाठी बांधालगत नांगराचं एक खोल तास दर वर्षी पावसापूर्वी मारायचं ठरलं.

खालच्या, थोडी ओल टिकणाऱ्या बांधावर गिरिपुष्प लावलं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने बांधावर अर्ध्या मीटर अंतराने गिरिपुष्प लावण्याची पद्धत प्रचारात आणली आहे. इथेही तेच अंतर ठेवलं, ६० मीटरला १२० झाडं. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. छाट कलम लावणं सोपं म्हणून सगळे काड्या रोवतात, पण काडीला सोटमूळ नसतं. ओलिताखाली ती चालते. खंड पडणाऱ्या पावसात पहिल्या दोन उन्हाळ्यांत मरते. मुरमात बियांचीच रोपं लावावीत. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून पिशवीत टोकायचं, आठ-दहा आठवड्यांचं रोप जुलैच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावायचं. मुरमात टिकावाने फूटभर खोल खड्डा, त्यात शेणखत आणि गाठी असलेल्या जुन्या गिरिपुष्पाखालची दोन मुठी माती. ही माती म्हणजे फुकटचं जिवाणू खत. नेमका जिवाणू तिच्यासोबत येतो. पहिलं वर्ष कापायचं नाही. पुढे कमरेच्या उंचीवर कापणी, पहिली पाऊस पडून फूट आल्यावर आणि दुसरी सप्टेंबरात. वरच्या सावलीने पिकाची कडेची दोन ताटं खुरटतात, म्हणून झाड उंच जाऊ द्यायचं नाही.

शेवरीचा विचार झाला होता. तिच्या गाठी भरपूर, चाराही उत्तम, पण आयुष्य चार-पाच वर्षांचं आणि शेळ्या मोकाट असतील तर पहिल्याच वर्षी संपते. विलायती बाभळीला गाठी येतात, तरी ती बांधावर आणू नये. एकदा आली की शेत सोडत नाही.

गिरिपुष्पाचाही हिशेब मांडला, कारण एका झुडपावरचा विश्वास दुसऱ्यावर हलवणं हा उपाय नव्हे. झाडं तीन वर्षांची झाल्यावर प्रत्येकी वर्षाला ३ किलो ओला पाला धरला तर १२० झाडांचा ३६० किलो, वाळून ९० किलो, नत्र सुमारे अडीच किलो. जवळपास तरवडाइतकंच. फरक एवढाच, की यातला मोठा हिस्सा हवेतून आलेला, म्हणून दर वर्षी शेताच्या एकूण शिलकीत भर पडते. बाजरीची गरज त्याने भागत नाही.

म्हणून युरिया परत सुरू झाला, बेतशीर. निम्मा पेरणीच्या वेळी, निम्मा पंचवीस-तीस दिवसांनी, कोळपणीनंतर ओल असताना. सलग बाजरीऐवजी बाजरीच्या दोन ओळी आणि तुरीची एक ओळ घेतली. तुरीच्या बियाण्याला रायझोबियम लावायचा तो इथे, जिथे दार उघडतं तिथे: १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या गार केलेल्या पाण्यात रबडी करून, हलक्या हाताने चोळून, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी. उन्हात ठेवलेलं पाकीट आणि रखरखीत कोरड्यात पेरलेलं बी, या दोन कारणांनी हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

पहिल्या सप्टेंबरात गिरिपुष्पाची तीन रोपं उकरली. त्यांतल्या दोन रोपांच्या मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, कापल्यावर गुलाबी. तिसरं चुनखडीच्या थरावर होतं. गाठी होत्या, पण आतून पांढऱ्या, आणि शेंड्याची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी. लोहाशिवाय लेगहिमोग्लोबिनही बनत नाही आणि नत्र धरणारं विकरही. त्या दहा-बारा मीटरच्या तुकड्यात खड्डे मोठे करून चुनखडी बाहेर काढली, जास्त शेणखत भरलं, आणि पुढच्या जुलैत रोपं पुन्हा लावली.